यादीतले माझे नसलेले प्रश्न

फोनवर काही शोधायचं तर ते कोणामार्फत शोधायचं हे आपल्याला ठरवता येतं, ही गोष्ट मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळली. तोवर माझी समजूत अशी, की फोन उघडल्यावर जी लांबट पट्टी दिसते ती म्हणजेच फोन. तिला विचारायचं, ती सांगणार. ती एका कंपनीची असते, तिला उठवून तिच्या जागी दुसरीला बसवता येतं आणि याला शोध इंजिन बदलणं म्हणतात, हे कोणी सांगितलं असतं तरी मी म्हणालो असतो, बरं मग? पण गेल्या दिवाळीनंतर माझ्यावर अशी वेळ आली की ते बदलल्यावाचून गत्यंतर नव्हतं. निदान मला तसं वाटलं.

मी तांबट. जुन्या नाशकात आमच्या आळीत आता मोजकीच घरं हे काम करतात, त्यातलं एक आमचं. खाली दुकान आणि कामाची जागा, मागे स्वयंपाकघर, वर झोपायच्या दोन खोल्या. तांब्याचं भांडं घडवून झालं की लहान हातोडीनं त्यावर ओळीनं ठोके मारतात. प्रत्येक ठोक्याची एक गोल टिकली उमटते. याला मठार म्हणतात. त्यानं पत्रा कडक होतो आणि भांड्याला ती चमक येते, जिच्यासाठी निफाड-लासलगावची माणसं लग्नाची घंगाळं घ्यायला आमच्या पायऱ्या चढतात. मठारची ओळ सरळ हवी. एक ठोका ढळला की टिकली ओळीबाहेर पडते आणि जाणकाराला ती रस्त्यावरून दिसते. माझ्या वडलांची ओळ दोरा धरल्यासारखी जायची. माझीही तशीच जाते असं आळीत म्हणतात, आणि मी ते खोडून काढायच्या भानगडीत कधी पडलो नाही.

मठारलेली भांडी उजळायचं काम घरातल्या बायकांचं. चिंच-मीठ लावून घासायचं, धुवायचं, कोरडं पुसून फळीवर मांडायचं. आमच्या घरी माझी बायको हे तीस वर्षं करते आहे. ती सटाण्याकडची. इतक्या वर्षांत बोलणं इथलं झालं, पण चिडली किंवा मन भरून आलं की माहेरची अहिराणी बाहेर पडते. हातोडीला मात्र बायकांनी हात लावायचा नाही, अशी आमच्यात पद्धत. का, ते कोणी कधी विचारलं नाही. मीही नाही.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. सकाळी चहाचा कप उचलला तर तो बशीवर वाजला. मला वाटलं, झोप नीट झाली नसेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजला. मग मी लक्ष ठेवायला लागलो, आणि लक्ष ठेवलं की जे होतं तेच झालं: शर्टाचं बटण लावताना, कुलपात किल्ली घालताना, जिथं तिथं उजवा हात बारीक थरथरताना दिसायला लागला.

माझ्या सासऱ्यांना कंपवात होता. शेवटची चार वर्षं ते स्वतःच्या हातानं जेवू शकत नव्हते. माझी बायको महिन्यातले पंधरा दिवस सटाण्याला असायची. त्यांना चमच्यानं भरवायची, हनुवटी पुसायची, रात्री कूस बदलून द्यायची. मी गेलो की बघायचो. इतक्या मायेनं आणि इतकं कमी बोलून कोणी कोणाचं केलेलं मी पाहिलेलं नाही. ते गेल्यावर तेराव्याच्या दिवशी भांडी आवरताना ती मला म्हणाली, “एकदा केलं. पुन्हा नाही व्हायचं माझ्याच्यानं.” रडत नव्हती. हिशेब सांगावा तशी सरळ म्हणाली. त्यामुळे ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं होतं. आता माझा हात थरथरायला लागल्यावर मला पहिलं भय वाटलं ते हाताचं नव्हे, त्या वाक्याचं. हिला हे कळता कामा नये, एवढं मी ठरवून टाकलं.

मग उरला फोन. दुपारी दुकानात एकटा असताना मी चोरासारखं एका बोटानं टाइप केलं, ‘हात का थरथरतो’. पहिल्या उत्तरात चहा कमी प्या म्हटलं होतं. दुसऱ्यात झोप नीट घ्या. चौथ्या उत्तराला मेंदू आला आणि सहाव्यापर्यंत मी माझं तेरावं उरकून मोकळा झालो होतो. तरी रोज विचारायचो. रोज तेच, शब्द फिरवून. फोन कधी तरी वेगळं सांगेल अशी आशा असते माणसाला.

इथं एक मूर्खपणा सांगायला हवा, तो पूर्णपणे माझा. आमची मुलगी पुण्याला असते. दोन वर्षांपूर्वी तिनं आम्हा दोघांना नवे फोन आणले आणि दोघांची वेगवेगळी खाती उघडायला बसली. मी आडवा पडलो. म्हटलं, नवराबायकोची दोन खाती कशाला? आम्ही काय वेगळी चूल मांडलीय? ती समजावत होती, “बाबा, तसं नसतं हो.” मी ऐकलं नाही. शेवटी वैतागून तिनं दोन्ही फोनांवर तिच्या आईचंच खातं घातलं. नातवाचे फोटो दोघांना एकदम दिसायला लागले आणि मी तिला वर ऐकवलं, बघ, काय अडलं?

काय अडलं ते मार्गशीर्षात कळलं. सकाळी पोहे खाता खाता बायको फोनवर लोणच्यांचे व्हिडिओ बघत होती. एक संपला, दुसरा आपोआप सुरू झाला, आणि एक माणूस खड्या आवाजात म्हणाला, “तुमच्या हाताला कंप सुटतो का? मग सकाळी उठल्या उठल्या हे करा!” माझ्या घशात शेंगदाणा अडकला. तिनं अंगठ्यानं व्हिडिओ वर सरकवला. खाली तसलाच दुसरा. तिनं तोही सरकवला आणि म्हणाली, “काहीही दाखवतात मेले. खा ना, गार होतंय.”

त्या दिवशी माझं कामात मन लागलं नाही. मी विचारतो दुकानात आणि ते हिच्या ताटाशेजारी बोंबललं जातं, हा काय प्रकार?

माझा एक शाळेपासूनचा मित्र आहे. वीज खात्यातून निवृत्त झालाय आणि जगातल्या कोणत्याही विषयावर त्याला मत आहे. आम्ही सकाळी घाटावरून पंचवटीपर्यंत चालत जातो, भाजीबाजाराच्या तोंडाशी चहा पितो आणि परत येतो. मी त्याला म्हटलं, माझ्या एका गिऱ्हाइकाची अडचण आहे, आणि सगळं सांगितलं. आजार तेवढा बदलून मूळव्याध केला. त्यानं गंभीरपणे ऐकलं.

“खातं एक म्हटल्यावर एकानं विचारलेल्याचा वास दुसऱ्याला लागणारच,” तो म्हणाला. “त्याला सांग, शोध इंजिन बदल. असली काही आहेत जी तू काय विचारलंस ते लिहून ठेवत नाहीत. विचारलं, सांगितलं, विसरलं.”

“कसं बदलायचं?”

“आण इकडे फोन.”

मी खिशातून काढून दिला. चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या त्यानं ब्राउझर उघडला, कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले, सेटिंग्जमध्ये गेला, तिथं शोध इंजिन म्हणून एक ओळ होती. ती दाबल्यावर पाच-सहा नावं आली. एकापुढे खूण होती. त्यानं दुसऱ्याच्यापुढे आणली. झालं. नंतर ती तोंडावरची लांबट पट्टी बोटानं दाबून धरली आणि उचलून फेकून दिली. “ही जुन्याचीच असते,” तो म्हणाला, “ठेवलीस तर सवयीनं तिलाच विचारशील.” मी थक्क होऊन बघत होतो. इतकी वर्षं जिला मी फोन समजत होतो, ती चहा निवायच्या आत गेली होती.

फोन परत देताना तो म्हणाला, “तुझ्या गिऱ्हाइकाचा फोन तुझ्या खिशात कसा रे?” आणि पुढे त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. त्याला सगळ्यावर मत असतं हे खरं, पण कुठं गप्प बसायचं हेही कळतं.

नव्या इंजिनाला मराठी यथातथाच येत होतं. मराठीत विचारावं तर अर्धी उत्तरं हिंदीत यायची. पण मला त्याचा विश्वास वाटायला लागला. विचारावं, वाचावं, बंद करावं, मागे काही उरत नाही. शिवाय दुसरा एक दिलासा होता, आणि तो मोठा होता. कुंभमेळा तोंडावर आलेला, तांब्यांची मागणी वाढलेली, मी रोज बसून तांबे मठारत होतो. मारताना एखाद-दुसरी टिकली बाहेर गेल्यासारखी वाटायची. चष्म्याचा नंबरही वाढलाय माझा. मग उजळून फळीवर आलेले तांबे मी एकेक हातात घेऊन उजेडात फिरवायचो आणि चुकलेली टिकली शोधायचो. सापडायची नाही. एकही नाही. ओळी सरळ. मी म्हणायचो, हात कपाला थरथरत असेल, हातोडी धरली की जागेवर येतो. बापजाद्यांचं काम आहे, हाताला ते विसरता येत नाही. एकदा तर मी बायकोला बोलावून तांब्या दाखवला. म्हटलं, “बघ ओळ.” ती म्हणाली, “छान आहे की,” आणि पोळ्या लाटायला आत गेली.

आठ-दहा दिवसांनी चालता चालता मित्रानं आपणहून विचारलं, “त्या गिऱ्हाइकानं जुनी यादी पुसली का?”

“कसली यादी?”

“अरे, इंजिन बदललं म्हणजे पुढचं थांबलं. मागे जे विचारलंय ते जुन्याकडे तसंच पडून असतं, तारखेवार. ते पुसावं लागतं.” आणि कुठं जायचं ते त्यानं सांगितलं.

त्या दुपारी जेवून मी वर गेलो. एक ते तीन मी झोपतो, हे आळीतल्या कुत्र्यालाही माहीत आहे. आडवं न होता पलंगावर बसलो, चष्मा लावला आणि मित्रानं सांगितल्याप्रमाणे खात्यात शिरून ती यादी उघडली.

पुसायचं बटण दिसत होतं. पण पुसण्याआधी माणूस वाचतोच. सगळ्यात वर कालची तारीख होती. मी चक्रावलो. दहा दिवसांत मी जुन्याला काहीच विचारलेलं नव्हतं. कालच्या तारखेखाली लिहिलं होतं: ‘काम करताना हात थरथरतो पण मांडीवर ठेवल्यावर थरथरत नाही याला काय म्हणतात’.

मी असं विचारलेलं नव्हतं. मला तो फरक ठाऊकही नव्हता. मी हात मांडीवर ठेवून बघितला. खरंच थरथरत नव्हता.

खाली परवाचं: ‘कंपवात नसला तरी हात थरथरतो का’. त्याखाली: ‘नाशकात मेंदूचे चांगले डॉक्टर कोण’. त्याखाली: ‘नवऱ्याला न घाबरवता डॉक्टरकडे कसं न्यायचं’.

मी टाइप करतो तेव्हा दोन-तीन शब्दांत आटोपतो. हे सबंध वाक्यांचे प्रश्न होते, फोन तोंडाजवळ धरून बोलून विचारलेले. मी बोटानं यादी खाली सरकवत गेलो. मध्ये माझे चोरटे प्रश्न आले, तोकडे, घाबरलेले. मला वाटलं होतं यादी माझ्यापाशी संपेल. ती संपली नाही. माझ्या पहिल्या प्रश्नाच्या खाली, म्हणजे आधी, आणखी प्रश्न होते. दिवाळीच्या आधीचे. नवरात्रातले. सगळ्यात खालचा श्रावणातला: ‘मठारचा ठोका हुकतो म्हणजे हाताला काय झालेलं असतं’.

श्रावणात मला काहीही माहीत नव्हतं. श्रावणात मी ठणठणीत होतो. ते पोह्यांच्या वेळचे व्हिडिओ माझ्या प्रश्नांमुळे आले असं समजून मी इंजिन बदललं, पट्टी उपटून टाकली, मित्राला मूळव्याधीची गोष्ट रचून सांगितली. आणि माझ्या पहिल्या प्रश्नाच्या तीन महिने आधीपासून ती विचारत होती.

आणि मधेमधे, आजाराच्या प्रश्नांत मिसळलेले, वेगळेच काही प्रश्न होते. ‘चुकलेली टिकली कशी काढायची’. ‘मठारची ओळ सरळ कशी ठेवायची’. ‘पन्नाशीनंतर बाईला तांबटकाम शिकता येतं का’.

ते वाचत असताना मला खालून ठोक्यांचा आवाज ऐकू आला. आळीत दिवसभर कुठं ना कुठं ठोकणं चालू असतं. तो आवाज थांबला तर मला जाग येते, चालू असला तर येत नाही. त्यामुळे दुपारच्या झोपेत तो आवाज आमच्याच घरातून येतोय हे मला कधी कळलं नसावं. आज मी जागा होतो. अनवाणी जिना उतरलो आणि शेवटून तिसऱ्या पायरीवर थांबलो.

माझ्या जागेवर ती बसली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात माझी लहान हातोडी. सकाळी मी मठारून ठेवलेला तांब्या समोर होता. तिनं त्यावर बोटाचं टोक फिरवलं, एका जागी थांबली, सपाट हातोडीनं तिथं दोन-तीन हलके ठोके देऊन माझी ढळलेली टिकली मिटवली. मग शिसपेन्सिलीनं बारीक रेघ ओढली, लहान हातोडी घेतली, श्वास धरला आणि एक ठोका दिला. बरोबर ओळीत. पुन्हा बोट फिरवलं, पुढची जागा शोधली. घाई नाही, कंटाळा नाही. मला वडलांनी शिकवलं तेव्हा पहिली दोन वर्षं मी रोज मार खाल्ला होता. हिला कोणी शिकवलं नव्हतं. तीस वर्षं स्वयंपाकघरातून ऐकून, चिंचेच्या हातानं टिकल्या घासून, तिनं ते उचललं होतं. पेन्सिलीची रेघ उजळताना पुसली जात होती. म्हणून मला फळीवर काही सापडत नव्हतं. ज्या ओळींवर मी छाती फुगवत होतो, त्या निम्म्या हिच्या होत्या.

आता खरं सांगायचं तर आधी मला राग आला. भरून वगैरे नंतर आलं. आधी संताप. मी ओरडलो, “माझ्या कामाला हात कोणी लावायला सांगितला तुला?”

ती दचकली नाही. हातोडी खाली ठेवली आणि चष्मा काढला. मग तिचा आवाज फुटला आणि माहेरची बोली आली.

“हाऊ हात काय एकला तुमना शे का?”

हा हात काय एकट्या तुमचा आहे का. मी पायरीवरच बसलो आणि तिला फोन दाखवला, यादी उघडी असलेला. तिनं वाचलं. आधी तिचे प्रश्न, मग माझे. माझे वाचताना ती तोंडाला हात लावून हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली.

“तुम्हाला ठाऊक होतं?” ती म्हणाली.

“तुला कसं कळलं? श्रावणात?”

“ऐकू येत होतं,” ती म्हणाली. “पोळ्या लाटताना तुमच्या ठोक्यावर माझं लाटणं फिरतं. श्रावणात माझं लाटणं अडखळायला लागलं.” तिनं मला कधी हे सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं की पोळ्या लाटताना तू काय ऐकतेस. मग उजळताना तिच्या बोटाला ढळलेल्या टिकल्या लागल्या, आणि तिला खात्री पटली.

“मग बोलली का नाहीस?”

तिचं कारण असं होतं. तिच्या वडलांना डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं त्या दिवशी त्यांचे हात चांगले चालत होते. सायकल चालवत दवाखान्यात गेले होते. नाव ऐकून घरी आले, खाटेवर पडले आणि त्यानंतर त्यांनी सायकलीला हात लावला नाही. “नावानं बसले ते,” ती म्हणाली. “तुम्हीही बसाल, असं वाटलं. काम थांबलं तर तुम्ही राहणार नाही. म्हणून म्हटलं, ओळ सरळ दिसते आहे तोवर यांचा हात चालू राहील. तोवर आपण नीट माहिती काढू आणि मग सांगू.”

मी तिला वाचवायला बघत होतो, ती मला. तिच्यातलं नि माझ्यातलं अंतर एवढंच, की मी नुसता घाबरलो आणि ती घाबरून कामाला लागली. सासऱ्यांची सेवा करताना मी हिला पाहिलं होतं, तेव्हा मला वाटलं होतं हिची माया मोठी आहे. माया आहेच. पण हिची अक्कल त्याहून मोठी आहे हे मला त्या दुपारी पायरीवर बसून कळलं. मी रडलो. लाज वाटायचं काही कारण नव्हतं, दुकान बंद होतं.

तिनं फोनवर शोधून ठेवलेल्या डॉक्टरांकडे आम्ही त्याच आठवड्यात गेलो. त्यांनी मला हात पुढे करायला लावला, पेल्यातलं पाणी दुसऱ्या पेल्यात ओतायला लावलं, कागदावर आतून बाहेर जाणारं गोल वेटोळं काढायला लावलं. वेटोळ्याच्या कडा दातेरी आल्या. मग त्यांनी विचारलं, “कधीपासून?” मी म्हणालो दिवाळीपासून. बायको म्हणाली, “श्रावणापासून.” “कधी जास्त असतो?” मी आठवायला लागलो. ती म्हणाली, “काम करताना. बारीक कामाला जास्त. मांडीवर हात असला की नसतो. चालताना हात नीट हलतात दोन्ही. रात्री झोपेत नसतो, मी बघितलंय. माझ्या वडलांचा उलटा होता, बसल्या बसल्या थरथरायचा आणि काही धरलं की थांबायचा.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “निम्मी तपासणी तुम्हीच केलीत,” ते तिला म्हणाले. मग मला म्हणाले, हा कंपवात नाही. हा हाताचा साधा कंप आहे, कामात असताना होणारा. वयानुसार बऱ्याच जणांना होतो. यानं अंथरूण धरावं लागत नाही. गोळीनं कमी होईल, पण पुरता जाणार नाही, आणि बारीक काम हळूहळू अवघड होत जाईल, त्याची तयारी ठेवा.

बाहेर आलो तर ती दवाखान्याच्या पायरीवर बसली. माझा हात दोन्ही हातांत घेऊन बसली. येणारे-जाणारे वळसा घालून जात होते. मग म्हणाली, “चला, भूक लागली.” मला मात्र डॉक्टरांचं शेवटचं वाक्य ऐकू येत होतं. बारीक काम म्हणजे मठार. मठार म्हणजे मी. अंथरूण टळलं याचा आनंद खरा होता आणि हे दुःखही खरं होतं. मी तिला तसं सांगितलं. इतके महिने लपवालपवी करून झाल्यावर पुन्हा लपवायची ताकद नव्हती. तिनं ऐकून घेतलं. ‘असं नका म्हणू’ वगैरे काही म्हणाली नाही.

घरी येऊन मी शोध इंजिन परत जुनं केलं. माझं मीच केलं, तीन ठिपक्यांपासून. मित्र सकाळी वैतागला, म्हणाला, सगळं शिकवलेलं फुकट. त्याचं म्हणणं बरोबर आहे, खातं वेगळं करावं, माग राहू देऊ नये. मुलगीही तेच म्हणते. पण मला आता हेच हवं होतं. मी काय विचारतो ते तिला दिसू दे. ती काय विचारते ते मला. आता दर रविवारी दुपारी मी यादी उघडून वाचतो. मागच्या रविवारी होतं, ‘गोळीनं चक्कर येते का’ आणि त्याखाली ‘तांबटाची हातोडी वजनाला किती असावी बाईसाठी’. दुसऱ्या प्रश्नाला फोननं धड उत्तर दिलं नव्हतं. ते मी दिलं. लाकूडवाल्याकडून तिच्या मुठीच्या मापाचा दांडा करून आणला.

मोठी घंगाळं, ठोकून घडवायचं काम अजून मी करतो. तिथं हात साथ देतो. मठार आता तिचा. ती माझ्या जागेवर बसते, मी समोर बसून सांगतो, आणि चारदा सांगितलं की ती म्हणते, “तुम्ही जरा गप्प बसा, मला ऐकू येत नाही.” आळीत पहिले काही दिवस कुजबूज झाली. मग शेजारची एक सून आमच्या पायरीवर येऊन बसायला लागली, नुसती बघत.

गेल्या महिन्यात बायकोनं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकटीनं एक तांब्या मठारला. पेन्सिलीची रेघ न ओढता. गळ्याशी ओळ जराशी हलली आहे, बाकी सरळ. निफाडच्या एका गिऱ्हाइकानं फळीवरचे सगळे सोडून नेमका तोच उचलला आणि किंमत विचारली. मी म्हटलं, तो विकायचा नाही. गिऱ्हाईक गेल्यावर मी बारीक छिन्नी घेतली आणि तांब्याच्या काठाखाली नाव घालायला बसलो. आमच्याकडे भांड्यावर घेणाऱ्याचं नाव घालतात, करणाऱ्याचं कधीच नाही. माझ्या वडलांचं नाव कुठल्याही भांड्यावर नाही, माझंही नाही. मी तिचं घातलं. हाताला घाई करायला लावली नाही तरी तो थरथरायचा तेवढा थरथरलाच. अक्षरं वाकडी आली, एक दुसऱ्यावर चढलं.

तिनं तांब्या उजेडात धरला, लांब केला, जवळ आणला.

“वाकडं आलंय,” ती म्हणाली. “ठोकून सपाट करू?”

“हात तर लावून बघ,” मी म्हणालो.

ती हसली. तांब्या आत घेऊन गेली, पाण्यानं भरला आणि जेवायला बसताना दोघांच्या मध्ये आणून ठेवला.